वायफायचा डबा कोणाच्या जबाबदारीवर?

पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात आज खोली भाड्याने द्यायची, तर येणाऱ्याचा पहिला प्रश्न वायफायचा असतो. पाणी, पंखा, गाडी लावायला जागा, हे सगळे नंतर. मांद्रे, मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यात तर लॅपटॉप उघडून नोकरी करणारे भाडेकरू दोन-दोन, तीन-तीन महिने राहतात, आणि इंटरनेट सारखे बंद पडू लागले तर खोली सोडून शेजारच्या वाड्यावर जातात. म्हणून तिथल्या साध्या चार खोल्यांच्या घरातही फायबरची तार आली आहे. तारेच्या टोकाला प्लास्टिकचा एक डबा, म्हणजे राऊटर, आणि त्या डब्यावर एका वेळी पंधरा-वीस उपकरणे: पाहुण्यांचे फोन, मालकिणीचा फोन, मुलाचा अभ्यासाचा लॅपटॉप, टीव्ही, अंगणातला कॅमेरा. त्या घराला कोणी तसे सांगितलेले नसते, पण ते एक लहानसे सार्वजनिक नेटवर्क चालवत असते.

या घराकडून सरकार बरेच काही मागते. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खोल्यांची नोंदणी करावी लागते. परदेशी पाहुणा उतरला, तर २४ तासांत त्याची माहिती ठरावीक अर्जात भरून सरकारला कळवावी लागते. भाडेकरू ठेवला, तर त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. हे सगळे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या नेटवर्कवरून तो पाहुणा महिनाभर काम करणार, त्याचा बंदोबस्त कसा आहे, हे घरमालकाला विचारणारा सरकारी माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि विचारलेच, तर उत्तर देण्याची जबाबदारी त्या घरमालकावरच टाकली जाईल, अशी मला भीती आहे.

माझे म्हणणे असे, की ती त्याच्यावर टाकू नये. वायफाय सुरक्षित करण्याची जबाबदारी पहिल्यांदा डबा बसवणाऱ्या इंटरनेट पुरवठादाराची आहे, मग नोंदणी देणाऱ्या पर्यटन खात्याची, आणि सर्वांत शेवटी त्या घराची. आज हा क्रम बरोबर उलटा आहे. वर्तमानपत्रांतले सल्ले, पोलिसांच्या जागृती मोहिमा, बँकांचे संदेश हे सगळे शेवटच्या माणसाला उद्देशून असतात: पासवर्ड बदला, सावध राहा, अनोळखी नेटवर्क वापरू नका. ज्याला डब्याच्या सेटिंगचे पान कसे उघडायचे हेच कोणी दाखवलेले नाही, त्याला दिलेला हा सल्ला आहे.

जोडणीच्या दिवशी काय होते, ते घरी फायबर घेतलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. पुरवठादाराचा मुलगा दुचाकीवरून येतो, भिंतीला भोक पाडतो, तार जोडतो, डबा लावतो. नेटवर्कला घराचे किंवा मालकाचे नाव देतो. "पासवर्ड काय ठेवू?" असे विचारतो, आणि समोरचा गोंधळला की स्वतःच सुचवतो, मोबाइल नंबर ठेवू या, विसरायला होणार नाही. वेग मोजून दाखवतो, सही घेतो आणि निघतो, कारण पुढची जोडणी वाट पाहत असते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जेवढे शिकवले तेवढे तो नीट करतो. पण डब्याच्या आतल्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि त्या डब्याच्या सॉफ्टवेअरलाही मोबाइलसारखी वेळोवेळी दुरुस्ती लागते, ही गोष्ट त्या घरात कधी निघतच नाही.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवण्याच्या सवयीवर जरा थांबायला हवे. दहा आकडे पुष्कळ वाटतात. पण भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आपल्या बहुतेक घरांत आज चालते ती वायफाय सुरक्षित करण्याची डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ मध्ये आली. तिच्यात फोन नेटवर्कला जोडला जाताना डबा आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती टिपता येते. एकदा टिपली की त्याला त्या घराजवळ थांबायची गरज नसते. आपल्या खोलीत बसून तो एकेक अंदाज त्या निरोपांशी ताडून पाहतो. "तीनदा चुकलात, आता थांबा" असे म्हणायला डबा तिथे नसतोच. व्हिडिओ गेमसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासून होतात. ४०० कोटींना दहा लाखांनी भागले की येतात ४,००० सेकंद. सव्वा तासही नाही.

आणि गोव्यात तेवढेही कष्ट नकोत. मांद्र्यात ओळखीच्या एका काकींकडे मी वायफायचा पासवर्ड मागितला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "भायल्या बोर्डार आसा न्ही, तोच नंबर." खोल्या भाड्याने मिळतील, आणि खाली ठळक दहा आकडे. पाटी रस्त्यावरून वाचता येते.

जुन्या घरांची आणखी एक अडचण आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींतून लहरी आत जात नाहीत, त्यातही वेगवान ५ गिगाहर्ट्झच्या तर नाहीतच. मग डबा आतल्या खोलीऐवजी बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, किंवा खिडकीत ठेवला जातो, मागच्या खोल्यांसाठी लहरी पुढे पोचवणारा स्वस्तातला रिपीटर आणला जातो, आणि तो रिपीटर जुन्या, कच्च्या पद्धतीवर चालत असला तरी कोणी बघत नाही. घरातल्या देवघरापर्यंत न पोचणारे वायफाय समोरच्या माडांच्या बागेत उत्तम मिळते. काही जुन्या डब्यांत बटण दाबून किंवा आठ आकडी पिन घालून जोडण्याची सोय असते. त्या पिनचा शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि डबा पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ मध्ये जाहीर झाले. तसे डबे मी आजही घराघरांत पाहतो.

आता या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो जाणकारांकडूनच येतो. ते म्हणतात, आता जवळपास प्रत्येक संकेतस्थळ आणि ॲप आपली माहिती स्वतःच कूटबद्ध करून पाठवते. कॅफेतल्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तुमचा बँकेचा पासवर्ड वाचण्याचे दिवस गेले. शिवाय आज गोव्यातल्या लोकांचे पैसे जातात ते फोनवरून: खोटा पोलीस, खोटा कुरिअरवाला, शेअर बाजारातल्या खोट्या नफ्याचे व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात वायफायचा काय संबंध?

हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि मला तो मान्य आहे. सार्वजनिक वायफायची जी सरसकट भीती घातली जाते, ती दहा-पंधरा वर्षे जुनी आहे. बँकेचे ॲप कॅफेत उघडले म्हणून कोणी लुटला जात नाही. खोट्या नावाचे नेटवर्क उभारण्याचा प्रकार मात्र अजून आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले, की त्याने विमानतळांवर आणि चालू विमानांत खऱ्यासारख्या नावाचे वायफाय सुरू करून लोकांना खोट्या लॉगिन पानांवर नेले आणि त्यांचे ईमेल व समाजमाध्यमांचे पासवर्ड गोळा केले. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या राज्याने हे लक्षात ठेवावे. फुकट वायफायसाठी कुठल्याही पानावर ईमेलचा पासवर्ड मागितला, की तिथूनच परतावे. प्रवाशाने पाळायचा नियम एवढाच, त्यापलीकडे प्रवाशाला घाबरवण्यात अर्थ नाही.

पण आक्षेप घेणारे फक्त पाहुण्याच्या बाजूने पाहतात. धोका सरकला आहे, आणि तो घराकडे सरकला आहे.

पाहुणा ज्या नेटवर्कवर आहे, त्याच नेटवर्कवर घराचे बाकी सगळे असते. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, प्रिंटर, बुकिंगचा संगणक. त्या संगणकात पासपोर्टच्या आणि आधार कार्डांच्या प्रती असतात, कारण त्या घ्या असे सरकारनेच सांगितलेले असते. कित्येक घरांत त्या एका फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात, आणि तो फोल्डर नेटवर्कवर सर्वांना उघडा असतो, कारण प्रिंटर दुसऱ्या खोलीत आहे. पासवर्ड तीन हंगामांत बदललेला नाही, म्हणजे तीन हंगामांतले सगळे पाहुणे, त्यांचे मित्र, मध्येच सोडून गेलेला स्वयंपाकी, हे सगळे आजही त्या जाळ्याच्या आत आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यासाठी पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चार खोल्यांच्या घराला असा दंड कोणी ठोठावणार नाही, पण कायद्याची नजर कुठे आहे ते यावरून कळते. एका हाताने पासपोर्टच्या प्रती गोळा करायला लावायच्या आणि त्या ठेवायच्या कशा हे शिकवायचे नाही, हा सरकारचा दोष आहे.

दुसरा धोका डब्याचा स्वतःचा. ब्राझीलमध्ये २०११ आणि २०१२ या काळात जे घडले, ते आपल्याकडच्या प्रत्येक पुरवठादाराने वाचायला हवे. तिथे सुमारे ४५ लाख घरगुती मोडेममध्ये चोरांनी शिरकाव केला, आणि कोणाच्याही संगणकाला हात न लावता मोडेमच्या आतली एकच सेटिंग बदलली. बँकेचे नाव टाइप केले की त्या नावाचा खरा पत्ता कुठला, हे मोडेमने कोणाला विचारायचे, एवढीच ती सेटिंग. मग लोक आपल्या घरात बसून, बरोबर पत्ता टाइप करून, भलत्याच पानावर पोचत होते. त्यांनी पासवर्ड कोणाला सांगितला नव्हता की अनोळखी लिंक उघडली नव्हती. सावध राहण्याचा सगळा उपदेश त्यांनी पाळला असता तरी पहिली ठेच लागणारच होती, कारण दोष मोडेममध्ये होता आणि तो दुरुस्त करणे त्यांच्या हातात नव्हते. आज कूटबद्ध संकेतस्थळांमुळे तीच युक्ती पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. डबा ताब्यात घेण्याचे इतर उपयोग मात्र वाढले. २०१६ मधल्या 'मिराय' या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेल्या जेमतेम साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राऊटर आपल्या दावणीला बांधले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. २०२५ च्या मे महिन्यात एफबीआयने इशारा दिला तो दुरुस्त्या मिळणे बंद झालेल्या जुन्या राऊटरांबद्दल. गुन्हेगार त्यांच्यात शिरतात आणि आपला सगळा व्यवहार त्या घरातून झाल्यासारखा दाखवतात.

त्या घरातून झाल्यासारखा दाखवतात, हेच मला सर्वांत जास्त छळते. गुन्ह्याचा माग काढत पोलीस जातात ते इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या दारात आणून सोडतो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणारा ईमेल स्फोटांच्या काही मिनिटे आधी गेला होता, आणि माग निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे वायफाय उघडे होते आणि ते वापरून दुसऱ्याच कोणी ईमेल पाठवला होता. त्याचा स्फोटांशी संबंध नाही हे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर त्याला चौकशीच्या फेऱ्यांतून जावे लागले. तो परदेशी होता, त्याच्यामागे वकील आणि दूतावास होता. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यातून बोलावणे आले, तर मांद्र्याच्या काकींच्या मागे कोण असेल? त्यांचा फोन आणि संगणक जप्त झाला, तर ऐन डिसेंबरात त्या बुकिंग कसे सांभाळतील? गोव्यात बनावट कॉल सेंटरवर छापे पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. भाड्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या नावावरच्या इंटरनेटवर काही महिने धंदा करून निघून जाणे हे अशा लोकांना फार सोयीचे आहे.

सानपाड्याच्या प्रकरणानंतर, २००९ च्या सुरुवातीला, दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याबद्दल पुरवठादारांना सूचना काढल्या. म्हणजे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते, की काम पुरवठादाराचे आहे. प्रत्यक्षात ते 'मोबाइल नंबर ठेवू या' इथवर येऊन थांबले.

काही लोक म्हणतात, मालकालाच दंड करा, म्हणजे तो शिकेल. हा प्रयोग जर्मनीने करून पाहिला आहे. १२ मे २०१० रोजी तिथल्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने निकाल दिला, की खासगी वायफायला पुरेसा पासवर्ड नसेल आणि त्यावरून तिऱ्हाइताने गैरप्रकार केला, तर मालकाला त्याची जबाबदारी काही प्रमाणात घ्यावी लागेल. परिणाम काय झाला? मालक तंत्रज्ञ झाले नाहीत. कॅफेंनी आणि लहान हॉटेलांनी पाहुण्यांना वायफाय देणेच टाळले, वकिलांच्या नोटिशींचा एक धंदा उभा राहिला, आणि युरोपातल्या एका श्रीमंत देशात सार्वजनिक वायफाय दुर्मीळ झाले. शेवटी २०१७ मध्ये संसदेला कायदा बदलून मालकांवरचे ते ओझे काढावे लागले. पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याने त्या वाटेने जाऊ नये.

याउलट सिंगापूरने २०२१ पासून घरगुती राऊटर विकण्यासाठीच किमान सुरक्षेची अट घातली: प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड हवा आणि सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या आपोआप उतरायला हव्यात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन विकणे बेकायदा आहे, आणि दुरुस्त्या किती काळ मिळतील हे विक्रेत्याला जाहीर करावे लागते. दोन्हीकडे ग्राहकाला काही शिकवत बसले नाहीत. त्याच्या हातात वस्तू जाण्याआधीच ती ठीक केली. भारतातही दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीची योजना आहे, आणि दूरसंचार विभागाच्या बंगळुरूतील राष्ट्रीय दळणवळण सुरक्षा केंद्राने घरगुती वायफाय उपकरणांसाठी निकष लिहिले आहेत. नव्या डब्यांचा प्रश्न त्यातून हळूहळू सुटेल. पण आपल्या घरांत आधीच बसलेल्या डब्यांचे काय?

इथे पुरवठादार म्हणतात, घरोघरी माणूस पाठवणे परवडत नाही. हे कारण मला पटत नाही, कारण माणूस पाठवायची गरजच नाही. फायबरच्या जोडणीतला डबा बहुतेक वेळा पुरवठादाराच्याच मालकीचा असतो आणि त्याची कार्यालयातूनच देखरेख करण्याची व्यवस्था त्यात बसवलेली असते. तिचा तांत्रिक नमुना २००४ पासून जगभर वापरात आहे. तुम्ही तक्रार नोंदवता आणि पलीकडचा माणूस "सर, आता इथूनच रीस्टार्ट करतो" असे म्हणतो, तो हाच दरवाजा वापरतो. त्याच दरवाजाने कारखान्याचा पासवर्ड बदलता येतो, सॉफ्टवेअरची दुरुस्ती उतरवता येते, पिनची जुनी सोय बंद करता येते, पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करता येते. म्हापशात किंवा पणजीत बसून हजारो घरांचे हे काम एका रात्रीत होऊ शकते. आणि तो दरवाजा नीट बंद ठेवणे हेही त्यांचेच काम आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत नेमक्या त्याच देखरेखीच्या वाटेवर 'मिराय'च्या एका भावंडाने हल्ला केला, आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे इंटरनेट, फोन आणि टीव्ही कोलमडले. कंपनीने दुरुस्ती काढली आणि ती डब्यांमध्ये पोचवली. ग्राहकाला फक्त डबा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. काम असे होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

घरी गॅसची नवी जोडणी देणारा माणूस नळी तपासतो, शेगडी पेटवून दाखवतो, गळती कशी ओळखायची ते सांगतो आणि मगच कागदावर सही घेतो. वायफायची जोडणी देणाऱ्याकडूनही मी एवढीच अपेक्षा करतो. त्याच्या पावतीवर चार ओळी असाव्यात: सेटिंगचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ लावले, पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे केले, दुरुस्त्या आपोआप उतरतील असे ठेवले. त्याखाली सही त्याची, मालकाची नव्हे. आणि जे समजावून सांगायचे ते मराठीत किंवा कोकणीत सांगावे. ओळखीच्या घरांत मी हे बदल करून देतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यातला अर्धा वेळ सगळ्यांच्या फोनमध्ये नवा पासवर्ड घालण्यात जातो.

पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कचा आग्रह मी का धरतो, ते सांगायला हवे. पासवर्ड कितीही चांगला ठेवला तरी पाहुण्याला तो द्यावाच लागतो. मग पासवर्डने रस्त्यावरचा माणूस अडतो, घरात उतरलेला अडत नाही. वेगळे नेटवर्क असले, की पाहुण्याला इंटरनेट मिळते पण घराचा कॅमेरा, प्रिंटर, पासपोर्टचा फोल्डर दिसत नाही, आणि दर महिन्याला त्याचा पासवर्ड बदलला तरी घरच्या कुठल्याही यंत्राला हात लावावा लागत नाही. आजच्या बहुतेक डब्यांत ही सोय फुकट आहे, फक्त बंद पडून आहे. डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची पद्धत आणखी बरी. तिच्यात निरोप टिपून घरी बसून अंदाज ताडण्याची वाटच बंद केली आहे. पण जुने फोन तिला जोडले जात नाहीत, म्हणून दोन्ही पद्धती एकाच वेळी चालवाव्या लागतील. तोवर पासवर्ड म्हणून नंबर सोडून तीन-चार साधे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द ओळीने लिहिले तरी पुष्कळ झाले. 'वांयगण तांबडो गाडो पावस' हे पाटीवर सापडणार नाही.

पर्यटन खात्याबद्दल बोलताना मला एक भीती आहे. गोव्यातल्या लहान घरमालकाला आधीच पंचायतीचा दाखला, आरोग्य खात्याचा दाखला आणि इतर परवाने यांत फिरावे लागते. त्यात वायफायचा आणखी एक दाखला आला, तर लोक नोंदणीच टाळतील, आणि दाखला देणारा एक नवा मधला माणूस तयार होईल. तसे होता कामा नये. खात्याने घरमालकाकडून वेगळा दाखला मागू नये. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी पुरवठादाराची ती चार ओळींची पावती जोडावी, इतके पुरे. पावती द्यायला पुरवठादाराने टाळाटाळ केली, तर खात्याने पुरवठादाराला विचारावे. ज्यांना स्वतः नेटवर्क चालवायचेच नाही, अशा दुकानांना आणि खानावळींना डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेचा मार्ग आहे. तिच्यात वायफाय देणाऱ्याला परवाना लागत नाही आणि शुल्क नाही. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या लहान व्यावसायिकाला ही योजना समजावून सांगणारे कोणी हवे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून संक्रमित यंत्रांची माहिती पुरवठादारांना कळवते. ती ग्राहकापर्यंत पोचणे अपेक्षित आहे. 'तुमच्या घरातला कॅमेरा रात्री भलतीकडे माहिती पाठवतो आहे' असा निरोप माझ्या ओळखीत कोणालाही आलेला नाही. माहिती साखळीत कुठे अडते, हे राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने शोधून काढावे. त्यासाठी नवा कायदा नको, एक बैठक पुरे.

काम कुठून सुरू करावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात आणि घरमालकाला उसंत असते. पहिल्या वर्षी फक्त पेडणे तालुका घ्यावा. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि डिचोलीच्या तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांना मालकाची परवानगी घेऊन घरे तपासायला पाठवावे, पुरवठादाराचा माणूस बरोबर असावा, आणि स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमात प्रत्येक पंचायतीला 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून नेमलेले जे सरकारी अधिकारी आहेत, त्यांनी घरांशी गाठ घालून द्यावी. किती डब्यांत कारखान्याचा पासवर्ड होता, किती ठिकाणी पासवर्ड मोबाइल नंबर होता, किती डब्यांना दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, हे आकडे कोणाचे नाव न घेता जाहीर करावेत. आज आपल्याकडे असे आकडेच नाहीत, म्हणून चर्चा भीती आणि बेफिकिरी यांच्यामध्ये हेलकावे खाते. सरकारने स्वतःच्या घरापासूनही सुरुवात करावी: गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने जोडलेल्या पंचायती आणि कार्यालये यांच्या भिंतीवरचे वायफायचे डबे त्याच यादीत यावेत.

आणि किनारी मतदारसंघांच्या आमदारांनी पावसाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा: राज्यात फायबरची जोडणी देणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराने गेल्या वर्षभरात किती डब्यांचे कारखान्याचे पासवर्ड बदलले, किती डब्यांत दुरुस्ती उतरवली, आणि दुरुस्ती मिळणे बंद झालेले किती डबे अजून ग्राहकांच्या घरांत ठेवून तो त्यांच्याकडून महिन्याचे पैसे घेतो आहे? उत्तर पुरवठादारनिहाय, तालुकानिहाय सभागृहाच्या पटलावर यावे.